चंद्रभागाकाकूंचं लिंपण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही केंदूरच्या नाही, एवढं पुरेसं असावं.

माझा स्वभाव संशयी. दूध घालताना गवळ्याचा अंगठा मापात बुडतो का, ते मी आधी बघते. बचत गटाची अध्यक्षही मी त्याच गुणावर झाले. हिला कुणी फसवणार नाही, असं बायका म्हणायच्या.

पावसाचा भरवसा उरला नाही, तेव्हा शिरूरहून संस्थेच्या ताई आमच्या बचत गटाकडे येऊ लागल्या. बाजरी करपली तर मागून पेरायला गावरान हुलग्याचं बी सगळ्यांनी मिळून राखायचं ठरलं. हुलगा थोडक्या ओलीवर येतो. बी राखावं तर गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या चंद्रभागाकाकूंनीच. कडक उन्हात वाळवायचं, राखेत घोळायचं, मडक्यात भरून वर कडुनिंबाचा पाला घालायचा आणि तोंड शेणमातीनं लिंपायचं. एकदा लिंपलं की पेरणीपर्यंत हात लावायचा नाही. मडकं काकूंच्याच घरी राहिलं.

आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. काकूंच्या रानातला हुलगा आमच्यापेक्षा चांगला कसा भरतो? चांगलं बी घरात ठेवून मडक्यात बाजारातलं घातलं असेल तर? राखेत घोळल्यावर कोण ओळखणार?

एके दिवशी काकू तळेगावच्या बाजाराला गेल्या. आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला होता. दाराला नुसती कडी. मी आत गेले — चोरासारखी, दुसरं काय म्हणू? विळ्याच्या टोकानं लिंपण खरवडलं, पाला उपसला आणि कोपरापर्यंत हात घातला.

तळापर्यंत तेच बी. निवडून निवडून भरलेलं, एक खडा नाही. लाज वाटली का? नाही — हिरमोड झाला. मग पाला परत कोंबला, घाईत अंगणातला ओला चिखल आणून तोंडावर थापला आणि वरून राख फासली. शेण शोधत कोण बसणार? नुसती माती वाळली की तडकते, हे मला माहीत नव्हतं? होतं.

पुढं बाजरी उगवली आणि पावसानं दडी मारली. रोपं करपली. मग एकदा बरी ओल झाली तशा आम्ही सगळ्या काकूंच्या ओट्यावर जमलो. मडकं उघडलं तर भुंगेच भुंगे. दाण्यादाण्याला भोक.

"काकू, राख कमी पडली व्हय?" कुणीतरी विचारलं.

काकूंनी ओंजळीतले दाणे खाली ठेवले. मग मडक्याच्या तोंडावरून बोट फिरवत म्हणाल्या, "न्हाई गं. नीट लिंपलं हुतं की म्या. म्हाताऱ्या हातांचं काय सांगावं."

अध्यक्ष काय म्हणते, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तेव्हा तोंड उघडता आलं असतं. मी उघडलंही — "पुढच्या साली मडकं माझ्याकडं ठिवू," म्हणाले. त्यावरून सगळ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

दुसरं बी मिळेपर्यंत ओल गेली आणि त्या वर्षी आमचे माळ पडीक राहिले. निम्म्या बायका दौंडकडे कांदा काढायला मजुरीनं गेल्या. काकूही गेल्या, त्या वयात. गटाच्या बैठकीला त्या पुन्हा आल्या नाहीत. मांडवगणला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या तेव्हा मी निरोप द्यायलाही गेले नाही.

संक्रांतीला त्यांच्या लेकीनं आपल्या रानातला पिशवीभर हुलगा आणून दिला. सोबत निरोप होता — "अध्यक्षबाईला म्हणावं, गटाला बी ऱ्हाऊ द्या. आन् लिंपताना शेण घाला. नुसती माती तडकती."

हे शिकवणं होतं, की त्यांना सगळं कळलं होतं? दोन वर्षं मी त्यावर विचार करते आहे. विचारायला मांडवगण काही लांब नाही. तळेगावातून जीप मिळते. मी गेलेले नाही.

त्याच बियाचं मडकं आता माझ्या घरी असतं. शेण घालून लिंपते, खोलीला कुलूप लावते आणि किल्ली कमरेला ठेवते. अध्यक्षबाई किती जपतात, असं बायका म्हणतात. मी ऐकून घेते.