वसंतकाकांनी वाचलेला शेवटचा चेहरा

आधीच सांगते, भुताखेतांवर, ज्योतिषावर माझा काडीचा विश्वास नाही. वसंतकाकांवर तर मुळीच नव्हता. तरी जे घडलं ते घडलं...

नव्वदच्या दशकाची सुरुवात. केबल टीव्ही नुकता घरोघरी आलेला, आणि कॉम्प्युटरवाला जावई मिळावा म्हणून मुलींचे आईबाप देव पाण्यात घालून बसलेले. आम्ही हिमायतनगरचे, पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादी. माझे हे थोरले काका चेहरा वाचल्याशिवाय आमच्या घरात सोयरीक होऊ देत नसत. कपाळावरून स्वभाव, डोळ्यांखालून लिव्हर, कानाच्या पाळीवरून आयुष्य! अंदाज हमखास चुकायचे. ज्या घरमालकाला त्यांनी ‘दिवाळी बघत नाही’ म्हटलं, तो दर दिवाळीला आमच्याकडे फराळ चापायचा.

अविनाश मला बघायला आला तो पुण्याहून आलेल्या आईला घेऊन. नोकरी इथेच हैदराबादेत, कुकटपल्लीला. पोहे देतानाच तो मला आवडला. म्हणून तर काकांची धास्ती.

काका त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, “पोरगा चांगला आहे. पण पोट खराब आहे, उजव्या बाजूला. जल्दी दवाखान्यात न्या, नाहीतर परेशानी होईल.”

“आमच्या मुलाला रोगी म्हणता?” त्याची आई ताडकन उठली. “पुण्यात पाहुण्यांशी असं बोलत नाहीत!”

“नसतील. आम्ही बोलतो.”

स्थळ गेलं हातचं! मला रडूच फुटलं. तेवढ्यात अविनाश हळूच म्हणाला, “आई, सकाळपासून दुखतंय गं... तू कार्यक्रम रद्द करशील म्हणून बोललो नाही.” आणि उठता उठता तो पोट धरून वाकलाच.

संध्याकाळी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. उशीर झाला असता तर फुटलं असतं, सर्जन म्हणाले. दवाखान्यात डबे पोचवता पोचवता माझं लग्न ठरलं. त्याची आई तर काकांच्या पायाच पडली.

लग्नाच्या मांडवात काकांनी मला बाजूला घेतलं. “कुणाला सांगू नको. त्या दिवशी माझा चष्मा रिक्षात राहिला होता. पुण्याच्या लोकांसमोर कसं सांगायचं? मला नुस्ता पांढरा शर्ट दिसत होता गं.”

“मग पोटाचं कसं कळलं?”

“काय की! तोंडातून निघून गेलं. मलाच भीती वाटायली.”

त्यानंतर त्यांनी कुणाचाच चेहरा वाचला नाही. सासूबाई मात्र नात्यातल्या प्रत्येक स्थळाचा फोटो त्यांना पाठवत राहिल्या, आणि काका पाकीट न उघडताच “हौ, करून टाका” म्हणून कळवत राहिले.

काका आता नाहीत. अपेंडिक्सचं कोडं मला अजून सुटलेलं नाही... आणि फोटो न बघता ठरवलेल्या त्या लग्नांपैकी एकही मोडलेलं नाही, त्याचं तर कारण विचारूच नका.