पिवळ्या ठिपक्याचा खुलासा

नाव: धम्मपाल केरबा कांबळे. मूळ गाव नेसरी, ता. गडहिंग्लज, हल्ली मुक्काम कोडोली. वय: पंचेचाळीस. हुद्दा: सहायक मदतनीस (पाणी), कंत्राटी. शैक्षणिक अर्हता: आयटीआय, रेफ्रिजरेशन, प्रथम श्रेणी, परंतु सदर अर्हता पदाशी संबंधित नसल्याने विचारात घेतलेली नाही. ओळखीची खूण: डाव्या तर्जनीवर थंडीने भाजल्याचा वण. वर्तन: समाधानकारक, बोलणे वगळता.

मदतनीस म्हणजे कोणाला तरी मदत करणारा. सहायक मदतनीस म्हणजे त्या मदत करणाऱ्याला हातभार लावणारा. धम्मपालच्या वर डेअरीत या दोन्हींपैकी कोणीच नव्हतं. अठरा वर्षं तो एकटाच चिलर सांभाळत होता आणि कागदोपत्री अठरा वर्षं रिकाम्या खुर्चीला मदत करत होता. कंसातल्या पाण्याचाही खुलासा आहे. चिलर पाणी थंड करतो आणि ते पाणी दूध थंड करतं. हे कोल्हापुरातल्या, राजारामपुरीच्या हेड ऑफिसला कोणीतरी एकदा समजावून सांगितलं. ऑफिस कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर असल्यामुळे त्यांना निम्मंच ऐकू गेलं असावं. त्यांनी ‘पाणी’ एवढंच लिहून घेतलं.

डेअरी हंबीररावांची. लोक त्यांना चेअरमनसाहेब म्हणत, कारण तसा बोर्ड होता. मशीनबद्दल त्यांचं ज्ञान एका प्रश्नात मावत असे, आणि तो प्रश्न ते महिन्यातून एकदा दारात उभं राहून विचारत.

“ग्यास भरला का रं?”

“ग्यास संपत न्हाय, साहेब. गळला तरच कमी हुतो. गळत न्हाय.”

“तरी भरून ठेव की थोडा. म्हशीला पेंड कमी पडली की दूध आटतंय.”

धम्मपालने पहिली पाच वर्षं समजावलं. हा ग्यास म्हणजे खुराक नव्हे. तोच तो बंद पाइपांतून फिरत राहतो, एकीकडं पाण्यातली उष्णता उचलतो, दुसरीकडं नेऊन टाकतो, आणि गळला नाही तर मालकापेक्षा जास्त जगतो. पुढची तेरा वर्षं तो नुसता “भरला” म्हणत आला. प्रगती अशीच होते.

माणूस गोड नव्हता. कोणी नट उलटा फिरवला तर तो बोलत नसे, नुसता त्या माणसाच्या हाताकडं बघत राही, आणि ते बघणं शिव्यांपेक्षा जड जाई. स्वतःच्या कामाचा त्याला गर्व होता आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नव्हतं. कॉम्प्रेसरच्या आवाजावरून तो पाण्याचं तापमान एका अंशाच्या फरकाने सांगे. बाकीच्यांना वाटे, चोरून काटा बघतो.

यंदा गणपतीच्या सुट्टीत त्याने चिलरचा ड्रायर बदलला. ड्रायर म्हणजे ग्यासच्या वाटेवरचा डबा. आत चुकून ओल शिरलीच तर ती शोषून घेणारा. सगळा ग्यास टाकीत कोंडला, वाट कापली, नायट्रोजन सोडत नवा डबा जोडला, आतली हवा नि ओल ओढून काढायला आठ तास व्हॅक्यूम लावून शेजारी बसून राहिला. वाट उघडी होती तेव्हाच ड्रायरच्या पुढची जुनी, तेलकट काच काढून नवी बसवली होती. त्या काचेच्या मधोमध एक ठिपका असतो. आत कोरडं असलं तर हिरवा, पाणी शिरलं तर पिवळा. जुनी काच भिंतीकडं तोंड करून होती. बघायला मान वाकडी करावी लागे. नवी त्याने मुद्दाम दाराकडं तोंड करून बसवली. कुठल्याही मूर्खालासुद्धा दिसावी, असा त्याचा विचार होता. तो विचार पुढे तंतोतंत खरा ठरला.

दसऱ्याला धम्मपाल दर वर्षी बायकोला, रूपालीला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. रजेचा अर्ज ‘घरगुती कारण’ म्हणून मंजूर होतो. त्यामुळे खंडेनवमीला, डेअरीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते तेव्हा, तो जागेवर नसतो. यात दोन्ही बाजूंची सोय होती आणि दोन्ही बाजू त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. त्याने आजवर एवढीच अट घातली होती की नारळ उंबऱ्यावर फोडायचा. एका वर्षी तो कॉम्प्रेसरवर फोडला होता. नारळ फुटला, शेजारचा गेजचा पाइपही फुटला, आणि चाळीस किलो ग्यास तीर्थाबरोबर वाटला गेला.

यंदा दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सकाळी तो कामावर आला तर गेटवरच थांबवला. सुपरवायझर विजयसिंह हातात कागद घेऊन उभा होता. विजयसिंह मनाने वाईट नव्हता. फक्त मोबाइल दाखवेल ते खरं आणि वर सांगतील ते योग्य, या दोन खांबांवर त्याचा संसार उभा होता.

“सही कर. मेमो हाय.”

मेमोत लिहिलं होतं की, चिलरच्या शीतद्रव्य प्रणालीत पाण्याचा शिरकाव झाल्याचे निदर्शनास आले असून, प्रणाली यापूर्वी आपणच उघडली होती. सबब आपणांस जबाबदार धरून सेवा समाप्त का करू नये, याचा लेखी खुलासा आज सायंकाळपर्यंत सादर करावा. तोवर यंत्रास हात लावू नये.

“कुणाच्या निदर्शनास?”

“ॲपच्या,” विजयसिंह म्हणाला. “रोज काचंचा फोटो पाठवायचा असतोय पुण्याच्या मेन्टेनन्स कंपनीला. नवीन कराराची अट. परवापास्नं पिवळं यायलंय. इंजिनिअर म्हणले, पाणी शिरलं. आज चारला त्यांची माणसं येणार, सगळा ग्यास काढणार. तीन दिवस बंद.”

“आन् दूध?”

“दुसऱ्या डेअरीला वळीवणार. चेअरमनसाहेब कालपास्नं जेवल्यात का बघ जरा.”

विजयसिंहने फोटो दाखवला. ठिपका पिवळा होता. चांगला ठळक, कोणी भांडू नये असा.

धम्मपाल गेटच्या कट्ट्यावर बसला. एखादा दुसरा असता तर तिथंच आरडाओरडा करता. धम्मपालला मात्र पहिल्यांदा स्वतःवर शंका आली, आणि अठरा वर्षांत तिची सवय नसल्यामुळे ती कशी बाळगावी हे त्याला कळेना. पाइप कापल्यावर टोपण लगेच लावलं होतं का? लावलं होतं. डबा पिशवीतून कधी काढला? जोडायच्या क्षणी. व्हॅक्यूम धरला होता का? काटा तासभर हलला नव्हता. मध्ये चहा घ्यायला उठलो होतो का? उठलो नव्हतो, चहा जागेवर आला होता आणि गार झाला होता. तरी ठिपका पिवळा होता. नोकरी गेली तर या वयात पुन्हा दुकानादुकानांत फ्रीज उघडत फिरायचं, हे त्याला दिसत होतं. पण त्याहून जास्त हे खुपत होतं की कदाचित काम खरंच आपण बिघडवलं असेल.

रूपालीचा फोन आला. त्याने सांगितलं.

“तुमच्याकडनं चूक झाली?” तिने विचारलं.

“बघायला लागंल.”

“म्हंजे न्हाय झाली,” ती म्हणाली. “झाली असती तर तुम्ही सांगिटलं असतं, वर चार दिवस जेवला नसता.”

ते त्याला पटलं नाही. पण त्याने उठून विजयसिंहला विचारलं, “पाणी किती अंशावर हाय?”

“दोन.”

“कालचं?”

“दोनच.”

“सक्शनचा काटा हलतोय का थरथर?”

“न्हाय. एका जागंवर हाय.”

धम्मपालने कपाळावरचा घाम पुसला. आत पाणी शिरलं असतं तर ते ग्यास जिथं बारीक भोकातून सुटतो तिथं जाऊन गोठलं असतं. भोक तुंबलं असतं, ग्यासच्या दाबाचा काटा खाली गेला असता, पाणी पाच-सहा अंशांवर चढलं असतं. दोनावर स्थिर असलेलं यंत्र आणि पाणी शिरल्याची काच, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या.

“काच बघू दे.”

“हात लावायचा न्हाय, असं लिवलंय.”

“हात मागं बांधून बघतो. मग तर झालं?”

विजयसिंहने हेड ऑफिसला विचारलं. हेड ऑफिसने पुण्याला विचारलं. पुण्याच्या कंपनीचा विश्वजित नावाचा इंजिनिअर होता. त्याने तीन वाजता व्हिडिओ कॉलवर आपल्या देखरेखीखाली पाहणी करायला परवानगी दिली. काच बघायला सहा तास लागले. त्याला कार्यपद्धती म्हणतात.

तीन वाजता चिलरच्या खोलीत चौघं होते. धम्मपाल, हात मागे. विजयसिंह, मोबाइल समोर धरून. मोबाइलमध्ये विश्वजित, पाठीमागे पुण्यातली पांढरी भिंत. आणि हंबीरराव, झेंडूच्या सुकलेल्या माळेखाली खुर्ची टाकून, घरात कोणी आजारी असल्यासारखा चेहरा करून.

“सर, स्क्रीनवर स्पष्ट यलो दिसतंय,” विश्वजित म्हणाला. “मॉइश्चर कन्फर्म आहे. पूर्ण चार्ज रिकव्हर करावाच लागेल.”

धम्मपाल वाकला. नाक काचेला लागेल इतका.

“काय दिसलं का?” विजयसिंहने विचारलं.

“रेघा दिसत्यात.”

“कसल्या रेघा?”

“अंगठ्याच्या.” धम्मपाल सरळ झाला. “पिवळं काचंच्या आत न्हाय. भाईर हाय. ओलाव्याला अंगठा नसतोय, साहेब. हळद हाय ही.”

विजयसिंहने मोबाइल काचेच्या आणखी जवळ नेला.

“हळद?” मोबाइल म्हणाला.

“खंडेनवमीची. कुंकू हादऱ्यानं झडलं. हळद कालवून लावली आसंल, ती वाळून बसली.”

विजयसिंहने हंबीररावांकडं बघितलं आणि मग घाईघाईने कॉम्प्रेसरकडं बघितलं. पूजा कोणी केली हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. फोटो डेअरीच्या पेजवर होता आणि त्याला साडेचारशे लाइक पडले होते.

“मी लावली,” हंबीरराव म्हणाले. “नवं कोरं, गोल, चकचकीत. दारातनं आत आलं की पयलं तेच दिसतंय. मला वाटलं, मशीनचं कपाळ हाय. मग काय पायाला लावू?”

“कपाळच हाय,” धम्मपाल म्हणाला. “पर तिथं मशीन सोताचं नशीब लिवतंय. आपुन लिवायचं न्हाय.”

तेरा वर्षांत चेअरमनसाहेबांना त्याने ‘भरला’च्या पलीकडं दिलेलं हे पहिलंच उत्तर असावं. त्याने खिशातून फडकं काढलं. मेमो हात लावू नये म्हणत होता, म्हणून त्याने ते विजयसिंहपुढं धरलं. विजयसिंहने मोबाइलकडं बघितलं. हंबीरराव म्हणाले, “पूस की रं, मुहूर्त काढू का आता?” तेव्हा विजयसिंहने पुसलं. खाली ठिपका हिरवा होता. कोवळ्या शाळूच्या रंगाचा.

“ओके, आता ग्रीन दिसतंय,” विश्वजित म्हणाला. “पण सर, सिस्टिममध्ये तीन दिवस यलो एंटर झालंय. ते असंच क्लोज होत नाही. काय ॲक्शन घेतली ते टाकावं लागतं.”

“पुसलं, असं टाका,” धम्मपाल म्हणाला.

“तसा ऑप्शन नाहीये.”

चारला येणारी माणसं इस्लामपूरपाशी पोहोचली होती, ती तिथून परत फिरली. सहाला दूध आलं, थंड झालं. खुलासा मात्र सायंकाळपर्यंत द्यायचाच होता, कारण मेमो निघाला होता, आणि निघालेला मेमो पोटात परत जात नाही. धम्मपाल ऑफिसात बसून लिहू लागला: ‘चेअरमनसाहेबांनी काचेला हळद लावल्यामुळे’. विजयसिंहने मागून वाचलं आणि कागद काढून घेतला.

“आसं लिवलंस तर नोकरी राहील, पर तू राहणार न्हाईस.”

“मग कसं लिवू?”

दोघांनी मिळून लिहिलं. ‘निर्देशकाच्या बाह्य पृष्ठभागावर परंपरागत स्वरूपाचा पीतवर्णी पदार्थ आढळून आला.’ धम्मपालने ‘परंपरागत’ या शब्दाकडं, तो उलट्या आट्यांचा नट असावा तसं बघितलं, पण सही केली.

चार दिवसांनी राजारामपुरीहून आदेश आला. श्री. धम्मपाल केरबा कांबळे, सहायक मदतनीस (पाणी), यांचा खुलासा अंशतः समाधानकारक आढळल्याने त्यांची सेवा पुढे चालू ठेवण्यात येत असून, निर्देशक दर्शनी भागात बसवल्याबद्दल त्यांना समज देण्यात येत आहे. कंपनीचा अहवालही सोबत जोडला होता: ‘तज्ज्ञ अभियंत्याने प्रणालीवर विशेष निर्जलीकरण प्रक्रिया यशस्वीरीत्या पार पाडली. वापरलेले साहित्य: एक नग.’

ते साहित्य म्हणजे धम्मपालच्या जुन्या बनियनची बाही.