उपाशी मावशीचे सहा तास

ऑपरेशनच्या वॉर्डात तिला सगळे ‘उपाशी मावशी’ म्हणायचे. बाई स्वतः चांगली अंगापिंडानं भरलेली, दोन वेळा पोटभर जेवणारी. पण बावीस वर्षं तिचं काम एकच. उद्या ज्याचं ऑपरेशन, त्याच्या तोंडात रात्री बारानंतर काही जाऊ द्यायचं नाही. गादीखाली हात घालून ती बिस्किटं बाहेर काढायची. एका आजोबांनी कवळीच्या डबीत चॉकलेट लपवलं, तर तेही तिनं हुडकलं. ‘एक रात्र कळ काढा की! उपाशी राहून कुणी मेलेलं नाही इथं,’ असं वर सुनावलंही.

पोटाचं घड्याळ तिला तोंडपाठ होतं. पाणी दोन तासांत पुढे सरकतं, चहा-पाव सहा तासांत, तेलकट असेल तर आठ.

मग तिच्याच नवऱ्याचा जिन्यावर पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. त्याला तिच्याच वॉर्डात ठेवलं आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी एकला ठरलं. रात्रभर माणूस नुसता कळवळत होता. दोनदा इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे जरा डोळा लागला. सकाळी सहाला म्हणाला, “अगं, पोटात कावळे ओरडतायत. जरा काही दे ना.”

मावशीचा जीव तुटला. सहा ते एक म्हणजे सात तास, नियमापेक्षा तासभर जास्तच! बारापासूनची बंदी काय, ऑपरेशन ठरल्या वेळेच्या अलीकडे आलं तर पंचाईत नको म्हणून असते, अशी तिची खात्री. बावीस वर्षं काय उगाच काढली होती तिनं इथं? पडदा ओढून तिनं त्याला दोन पाव आणि उकडलेलं अंडं भरवलं.

“अहो, हळू चावा. कुणी बघितलं तर माझी नोकरी जाईल.”

दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काही खाल्लंय का?”

“रात्रीपासून उपाशी आहेत,” मावशीच बोलली. तिच्या शब्दापुढे कोण कशाला खोदून विचारतंय?

भूल चढताच त्याला उलटी झाली आणि पोटातलं सगळं श्वासनळीतून छातीत उतरलं. तीन दिवस मशीनवर काढून चौथ्या दिवशी तो गेला.

“उलटीत पाव जसाच्या तसा होता, मावशी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“पण बाई, सहा तासांत पोट रिकामं होतं ना?”

“धडधाकट माणसाचं. मोडलेलं हाड, कळा, त्यात दुखणं थांबवायचं इंजेक्शन. अशा वेळी पोटाचं काम ठप्पच होतं. दहा तासांनीसुद्धा अन्न जागचं हलत नाही. कुणाकडून तरी मागून खाल्लं असणार त्यांनी. तुमचा काय दोष?”

तेवढ्यात बाजूला उभा असलेला तिचा मुलगा भडकला. “बाबांची जीभच नडली शेवटी! आई नको नको म्हणत असणार, आणि ह्यांना एक दिवस धीर धरवला नाही. हावरटपणापायी गेले!”

बाप अजून आत होता, चादर तोंडावर ओढलेला. मावशीनं डॉक्टरीणबाईंसमोरच मुलाचा दंड धरला.

“त्यांना काही बोलू नकोस. एक पाव खाऊन ते बास म्हणाले होते. दुसरा मीच बळंबळं भरवला.”