बदरूचाचीच्या दुकानातली परकी बाई

तुमचा हात कुणाच्या तरी मुठीत आहे, आणि त्या माणसाच्या बाजूनं एक अनोळखी बाई गोड आवाजात म्हणते, "धोका सापडला आहे." तुम्ही हात सोडवून घ्याल की नाही?

पौडच्या बाजारात एका नव्या सुनेनं तो सोडवून घेतला. भर दुपारी, चार गिऱ्हाइकांसमोर. हिसक्यानं हिरवी बांगडी तिच्या मनगटावरच पिचली, रक्ताची बारीक रेघ उमटली, आणि सासूनं तिला दंडाला धरून दुकानाच्या पायऱ्या उतरवल्या. नव्या नवरीच्या हातात बांगडी पिचणं म्हणजे केवढा अपशकुन, हे मुळशीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मूठ होती बद्रुन्निसा मणियार यांची, म्हणजे अख्ख्या बाजाराच्या बदरूचाचीची. चाळीस वर्षं त्यांनी बांगड्या भरल्या. बांगडी भरणं हे निम्मं बोटांचं काम आणि निम्मं जिभेचं. बोलता बोलता समोरचीला हात ढिला करायला लावायचा असतो. तीन वर्षांपूर्वी घशाच्या गाठीपायी डॉक्टरांनी चाचीची स्वरपेटी काढली. पण त्याआधी आठ दिवस दुकानाचं शटर ओढून कल्पना गुरव त्यांच्यासमोर माइक धरून बसली होती.

कल्पना कोळवणची, गुरवाची पोर. बारावीनंतर पिरंगुटच्या कारखान्यात पॅकिंगला लागली आणि जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या संगणकावर बसून प्रोग्राम लिहायला शिकली. कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. पुढं पौडात तिनं संगणकाचा क्लास काढला. पदवीचा कागद दाखवून कुणी तिला शहाणपण सांगायला लागला की ती म्हणायची, "कागद ठेवा, कीबोर्डवर या."

चाचीसाठी तिनं ‘कंठ’ नावाचा प्रोग्राम लिहिला. टाइप करायचं, संगणक चाचीच्याच आवाजात बोलणार. दोन हजार शब्द साठवले. एक वाक्य तर नुसत्या एका कळीवर ठेवलं होतं: "हात सैल सोड गं, माझ्या बाई." ऑपरेशननंतर चाचीनं ती कळ पहिल्यांदा दाबली तेव्हा समोरच्या चहावाल्यानं ओतता ओतता किटली उंच धरली ती तशीच राहिली.

त्या दुपारीही चाचीनं तीच कळ दाबली होती. बोलली मात्र ती दुसरीच. अँटीव्हायरसची बाई. कंपनीनं गेल्याच महिन्यात तिला मराठी बोलायला लावलं होतं. नवरी दचकली, म्हणून चाचीनं घाईनं टाइप केलं, "घाबरू नकोस." बाई म्हणाली, "धोका सापडला आहे." चाचीनं टाइप केलं, "मी नाही." बाई तितक्याच मायेनं म्हणाली, "धोका सापडला आहे."

कल्पना कोळवणहून जीपनं पोचली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चाचीची सून नाजनीन शटरपाशी उभी होती, सासूपासून जितकं लांब उभं राहता येईल तितकं. लॅपटॉपवर ‘सगळं सुरक्षित’ अशी हिरवी खूण होती. प्रोग्राम नव्हता.

"कुणी काढला?"

"मी," नाजनीन म्हणाली. "तुमीच शिकवलंय, मॅडम. लाल खिडकी आली की डोकं चालवायचं न्हाई, ‘काढून टाका’ दाबायचं. वहीत लिवलंय माझ्या. आणू?"

कल्पना लॅपटॉपसमोर बसली. अख्ख्या बाजाराला तिनं हेच घोकायला लावलं होतं.

तिनं इंटरनेटवरच्या आपल्या पानावरून ‘कंठ’ पुन्हा उतरवायला घेतला. पट्टी भरत गेली, फाइल आली, खिडकीत अर्धा श्वास थांबली आणि गेली. रिकामी जागा. "धोका दूर केला आहे." पुन्हा घेतला. पुन्हा आली, पुन्हा गेली. चाची ते बघत होती. तिसऱ्या वेळी तिनं आपल्या गळ्यातल्या भोकावरचा रुमाल हातानं घट्ट दाबून धरला, जणू आतलंही काही निघून जाईल.

कारण कल्पनाला कळत होतं. बोलण्यासाठी ‘कंठ’ला कोणती कळ दाबली ते ऐकावं लागतं, आणि चोरटे प्रोग्रामही तेच करतात. वर तिच्याकडे मोठ्या कंपन्यांसारखी विकतची डिजिटल सही नाही. तिनं अँटीव्हायरसच्या कंपनीला लिहिलं. सहाव्या दिवशी उत्तर आलं, खाली कुणाचं नाव नाही: ‘आपली फाइल फार थोड्या लोकांकडे आढळते. ती पुरेशा लोकांकडे दिसू लागल्यास इशारा आपोआप थांबेल.’

म्हणजे दारातून आत येऊ द्यायचं नाही, आणि विचारायचं, तू घरोघरी का दिसत नाहीस?

मग तिनं ती फाइल तपासणीच्या एका संकेतस्थळावर टाकली. तिथं बहात्तर अँटीव्हायरस एकदम बघतात. अडुसष्ट गप्प बसले. चौघांनी बोट दाखवलं.

तिचे वडील, विठ्ठलराव, देवळातून आले होते. सकाळी त्यांनी कुणासाठी तरी देवीला कौल लावला होता. ओल्या पाकळ्या अजून बोटांना चिकटलेल्या. मूर्तीला चिकटवलेली उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"चौघं डावं बोलले म्हणतीस. का म्हणून, इचारलंस?"

"सांगत न्हाईत, आबा."

"म्होरं उभं ऱ्हाऊन परत इचारता येतं?"

"न्हाई."

"मग त्यो कसला कौल? हितं देवी डावी बोलली तर माणूस परत इचारतं. तिसऱ्यांदा इचारतं. देवीला राग येत न्हाई." पाकळ्या पुसत ते म्हणाले, "ह्यांना लई लवकर येतोय."

त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. ‘कंठ’ चाचीखेरीज आणखी दहा जणांनी उतरवून घेतला होता. कुणी तासगावचं, कुणी भुसावळचं. पानावर कल्पनाचा नंबर होता. फोन वाजायचा, पलीकडून कुणी बोलायचं नाही. नुसता श्वास, शिट्टीसारखा, नाकातून न येणारा. आणि त्यामागं, खोलीत कुठंतरी, ती बाई: "धोका दूर केला आहे."

पहिल्या वेळी कल्पनानं फोन खाली टाकला. दुसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं, की ही माणसं बोलणार तरी कशानं. ती म्हणाली, "ऐकतेय मी. ‘कंठ’ गेला असंल तर दोनदा ठोका." पलीकडे लाकडावर दोन ठोके पडले.

चाचीपुरता तिनं उपाय केला. नाजनीनच्या लॅपटॉपवर बँकेचं कामही होतं, तिला त्यावरचा अँटीव्हायरसचा पहारा काढायचा नव्हता. म्हणून पिरंगुटच्या भंगारवाल्याकडून जुना संगणक आणला. त्याला इंटरनेट नाही, अपडेट नाही, ती बाईही नाही. आपल्याकडची राखून ठेवलेली एक प्रत त्यात टाकली आणि बाजूला झाली.

चाचीनं कीबोर्ड जवळ ओढला. मग एका एका बोटानं टाइप केलं.

"नाजनीन. इकडं ये."

आवाज तिचाच होता. नाजनीन आठ दिवस अपराधीपणानं सासूच्या हातचा चहा घेत नव्हती. ती आली, पण हात पदराखाली. चाचीनं तो ओढून घेतला. बोटं ताठ होती, गार होती. चाचीनं दुसऱ्या हातानं ती कळ दाबली.

"हात सैल सोड गं, माझ्या बाई."

नाजनीननं डोळे मिटून घेतले. हात सैल व्हायला वेळ लागला, पण झाला. पहिली बांगडी न पिचता गेली.

कल्पनाचा फोन वाजला. श्वास. दोन ठोके. पत्ता मेसेजवर मागवता आला असता, पण दहा गावांना दहा जुने संगणक ती कुठून नेणार? ती एवढंच म्हणाली, "ऐकतेय मी," आणि पलीकडच्या त्या परक्या बाईचं बोलणं संपेपर्यंत फोन कानाला धरून उभी राहिली.

तुमच्याकडेही ती लाल खिडकी येईल. कधी ती खरंच चोर पकडेल, तेव्हा खुशाल काढून टाका. पण बोट टेकवण्याआधी फाइलवरचं नाव वाचा, ज्यानं ती बनवली त्याला फोन लावा, आणि एकदा, फक्त एकदा, परत विचारा.