बुचाखालचा उजेड

सोल्डरची तार तापली की तिच्या पोटातल्या राळेचा धूर वर येतो, आणि माझं नाहूरचं इवलंसं स्वयंपाकघर एखाद्या गाभाऱ्यासारखं दरवळू लागतं! वितळलेला थेंब क्षणभर पाऱ्यासारखा चमकतो, थरथरतो, आणि तारेला तार धरून निवतो. कितीदा पाहिलंय हे मीलन. तरी श्वास रोखला जातोच. कवितेत तरी वेगळं काय घडतं? दोन परके शब्द शेजारी येतात, आणि अकस्मात उजळतात!

या हिवाळ्यात मी आमच्या सोसायटीतल्या बुचाच्या झाडासाठी दिवे केले. त्याच्या फुलांसारखेच लांब देठांचे, शुभ्र, खाली झुकलेले. अर्धपारदर्शक कागद वळून टोकाला एलईडीचे तांदळाएवढे दाणे बसवले आणि पारावर आईच्या दोन पितळी वाट्या पालथ्या घातल्या. दोघांनी एकेका वाटीवर तळवा ठेवायचा आणि मोकळे हात एकमेकांत गुंफायचे. अंगाला जाणवणारही नाही असा सौम्य प्रवाह दोघांमधून वाहणार, आणि झाड फुलणार! स्पर्श जितका गाढ, तितका उजेड अधिक. पहिला मान आई-बाबांचा, हे ठरलेलंच होतं. मालवणहून येऊन गिरणीच्या भोंग्यावर संसार उभारलेल्या त्या दोघांना एकमेकांचा हात धरताना मी आजवर पाहिलं नव्हतं. खरं सांगू? सारा खटाटोप त्या एका दृश्यासाठी होता.

संध्याकाळी सगळी सोसायटी पाराभोवती जमली. दोघांनी वाट्यांवर तळवे ठेवले. पण आईचा मोकळा हात पदराआड गेला.

"ह्या वयात? चार माणसांत? माका नाय जमाचा."

तळमजल्यावरच्या काकूंनी तिला चिडवलं, मागून कुणी टाळ्या वाजवल्या, तशी ती अधिकच आक्रसली. झाड अंधारातच. एकूण एक सांधा तपासला होता मी. संकोचाचा रोध तेवढा मोजायचा राहिला होता! आई वाटीवरचा हातही उचलणार, तोच बाबा, तिच्याकडे न पाहता, हळूच म्हणाले,

"पूजेक लावतंस तसो लाव गो."

पूजा सांगताना गुरुजी म्हणतात ना, 'हाताला हात लावा'? पती पाणी सोडतो आणि पत्नी आपली बोटं त्याच्या हाताला टेकवते. त्याच्या पुण्यात तिचा वाटा येतो तो असा. कितीतरी सत्यनारायणांना, भरल्या घरात, आईने हेच केलं होतं. त्यात कसली आलीय लाज? तिने पदर सारखा केला आणि चार बोटं बाबांच्या कोपराला लावली.

आणि बूच उजळलं! आधी अगदी फिकट, साईसारखं. देठादेठांतून उजेड झिरपत खाली आला, माणसांच्या कपाळांवर सांडला. मग, मी कशालाही हात लावलेला नसताना, तो वाढू लागला. फांद्या दिसू लागल्या, फांद्यांतली खरी फुलं दिसू लागली. आईच्या बोटांकडे मी पाहिलं नाही. झाड सगळं सांगतच होतं.

त्यानंतर जोडपी येत राहिली. गुंफलेले हात मोजकेच. कोपराला टेकलेली बोटंच जास्त.

आज पुन्हा राळ दरवळते आहे. एका फांदीवरचा सांधा सुटला होता. भाजी निवडता निवडता आईने सकाळीच विचारलंय, झाडाचे दिवे संध्याकाळी लागतील ना. थेंब थरथरतो आहे, अजून निवलेला नाही. मी त्याला घाई करत नाही.