खिडकीच्या काचेत

सरकीचा वास आला की हिंगणघाटची, जिनिंगशेजारची मित्राची ती खोली आठवते. तो आणि मी गेम बनवत होतो. गेमच्या सॉफ्टवेअरमधून कोड ऑनलाइन जावा म्हणून त्याच्या कॉम्प्युटरवर माझ्या खात्याचं टोकन, म्हणजे पासवर्डच, टाकायचं होतं; तिथं ठिपके नाही, अक्षरं उघडी दिसायची. "टाक तू, मी पाहत नाई," म्हणत तो एटीएममध्ये फिरवतात तसं तोंड फिरवून खिडकीशी उभा राहिला. बाहेर अंधारलं होतं. अर्ध्यात मी मान वर केली, तर काचेत अख्खा स्क्रीन दिसत होता, आणि त्याचे डोळे. माझी बोटं थांबली. "काऊन थांबला बे?" त्यानं न वळताच विचारलं. "नेट गेलं," मी म्हणालो. गेम तिथंच राहिला. कीबोर्डचा आवाज थांबलेला त्याला ऐकू आला असेल, असं मी स्वतःला आजही सांगतो. पण पासवर्ड टाकण्याआधी खिडकीचा पडदा ओढून घेतो.