खालून येणारा उजेड

दादा गेला तो मंगळवारी सकाळी, मी चहाचं आधण ठेवलं होतं तेव्हा. साखरेचा डबा हातात घेऊन मागं वळले आणि कळलं. रडू नंतर आलं. आधी हात मोबाईलकडं गेला आणि तिथंच थांबला. पल्लवीला काही कळू द्यायचं नाही, असा शब्द दादानं माझ्याकडून घेतला होता. पल्लवी त्याची एकुलती एक पोरगी. जपानमध्ये ताकाराझुका नावाचं शहर आहे, तिथं एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करते. तिची मोठी परीक्षा त्याच रविवारी होती आणि तिचं तिथलं राहणं त्या परीक्षेवर अवलंबून होतं. मधे चार दिवस... आणि दादानं महिन्याभरापूर्वीच पुन्हा बजावून ठेवलं होतं, "शांते, मी मेलो तरी पेपर झाल्यावरच सांगायचं." जाणारा असं काही मागून मोकळा होतो. मागं राहिलेलीनं काय करायचं, ते त्यानं सांगितलं नव्हतं.

आमचे वडील, आबा, जलशात बाईचं काम करायचे. दिवसा गिरणीत, संध्याकाळी लुगडं नेसून स्टेजवर. दादाला बोलायचं अंग त्यांच्याकडून आलं. पस्तीस वर्षं तो अजिंठ्याला जपानी लोकांचा गाइड होता. आधी फर्दापूरला एका लॉजच्या काउंटरवर बसायचा, तिथं उतरणाऱ्या जपान्यांकडून शब्द वेचायचा आणि आपल्या अक्षरांत वहीत उतरवून ठेवायचा. "बुद्ध आपला हाय, पण त्यांना त्यांच्या बोलीत दाखवला तर त्यांच्या डोळ्यात पाणी येतं," म्हणायचा. लेण्यात लाईट गेली की बाकीचे गाइड लोकांना घेऊन सावलीला जाऊन बसत. दादा पिशवीतून हातभर आरसा आणि पांढरी चादर काढायचा. दाराशी उन्हात कुणाला तरी आरसा धरायला लावायचा, आत जमिनीवर चादर अंथरायचा. आरशातलं ऊन चादरीवर पडायचं आणि तिच्यावरून मऊ उजेड उठून भिंतीवर चढायचा. शाळेच्या सुट्टीत पल्लवी बरोबर असली की आरसा तिच्याकडं. "हलवू नको गं, चित्रातल्या राजाचे डोळे दुखतील," असं तो तिला म्हणायचा आणि ती श्वास रोखून उभी राहायची.

त्याच्याकडं एक जपानी म्हातारी तीनदा आली. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून बाकीचे लेणी बघत आणि ही पायरीवर बसून दादाला आपल्या गावाबद्दल सांगायची. तेच हे ताकाराझुका. मागं डोंगर, मधून नदी. सकाळी निम्मं गाव रेल्वेत बसून ओसाकाला कामाला जातं आणि संध्याकाळी झोपायला घरी येतं. "आपल्या वाळूजच्या कंपनीच्या बससारखं," दादा आम्हाला समजावायचा, "फक्त तिथं कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाय." नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत, पाणी खारट आणि तांबूस. आधी बाहेर बसून अंग चोळून धुवायचं, मगच कुंडात उतरायचं, नाहीतर लोक नावं ठेवतात. आणि एक मोठं थिएटर आहे, तिथं सगळी कामं बायकाच करतात, राजाचंसुद्धा. हे ऐकून तो लई हसला होता. "आबा तिकडं जन्मले असते तर उपाशी मेले असते." म्हातारीनं नंतर नदीवरच्या पुलाचं पोस्टकार्ड पाठवलं, ते त्यानं आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं. दादा स्वतः मुंबईच्या पलीकडं कधी गेला नाही, पण ते गाव त्याला भावसिंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीइतकं पाठ होतं.

पल्लवीनं नर्सिंग केलं, जपानी भाषा बापाकडून आलेलीच होती. नोकरीसाठी नेमकं तेच गाव मिळालं तेव्हा दादा दोन दिवस जेवला नाही, आनंदानं का काळजीनं ते त्यालाही सांगता येईना. वहिनी आधीच गेलेली, घरात तो एकटा. टीव्हीवर जपान हा शब्द ऐकला की आवाज वाढवायचा. भूकंप कुठंही होवो, हा हिला फोन लावणार. "पप्पा, ते इथून हजार किलोमीटरवर आहे," ती म्हणायची. "व्हय, पण जमीन एकच हाय ना?" दर रविवारी सकाळी नऊला व्हिडिओ कॉल. तिकडं साडेबारा झालेले असायचे, तिची जेवणाची सुट्टी. मग ह्याची प्रश्नपत्रिका सुरू. पूल पाहिलास का? झऱ्यावर अंघोळीला गेलीस का? नाटक बघितलंस का? लाजरी पोरगी, चारचौघींत कपडे काढायला धजेना. दादा इथून चिडायचा, "अगं, मी न जाता सगळं सांगतो आणि तू तिथं राहून गेली नाहीस?"

दिवाळीच्या आधी त्याच्या पोटातलं दुखणं निघालं आणि मी त्याच्याकडं राहायला आले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आणि मी वेड्यासारखी घड्याळाकडं बघत राहिले. दादानं मात्र तिथंच शब्द घेतला. पोरगी परत आली तर परीक्षा बुडेल, आणि एकदा बुडाली की ती इथंच राहील, म्हाताऱ्याच्या उशाशी. मी नको म्हटलं. भांडलेसुद्धा. पण दादापुढं माझं कधी चाललंय? त्याचं तोंड पिवळं पडत चाललं तेव्हा त्यानंच मला माळ्यावरचा आरसा काढायला लावला. दर रविवारी साडेआठला दाढी, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर ती पांढरी चादर. मी खिडकीशी उभी राहून आरशानं ऊन त्या चादरीवर टाकायची. चेहऱ्यावर अशी तकाकी यायची की मलाच क्षणभर वाटायचं, रिपोर्ट चुकला असेल. हात भरून यायचे, मला दम लागायचा, पण हलायची सोय नव्हती. आणि मनात सारखं... आज ओळखलं तर? नाही ओळखलं आणि हा उद्याच गेला तर? ती आयुष्यभर मला विचारील, आत्या, तू तिथं होतीस ना? शनिवारी मला झोप नसायची आणि सोमवारी तोंडाला चव नसायची.

शेवटच्या रविवारी तिनं स्वतःहून सांगितलं की ती नाटक बघून आली. बाई राजा झाली होती, खांदे ताणून अशी काही चालली की शेजारच्या म्हाताऱ्या रडायला लागल्या. दादानं डोळे मिटून सगळं ऐकलं. म्हणाला, "आता झऱ्यावर जा." ती म्हणाली, "जाते, पप्पा." फोन ठेवल्यावर चादर त्याच्या मांडीवरून घसरली, ती उचलायलाही त्याला वाकता आलं नाही.

तर मंगळवारी मी मोबाईल हातात धरून बसले होते. शेजारपाजार जमायला लागला. आपल्याकडं माणूस उचलायच्या आत त्याचा फोटो लोकांच्या स्टेटसला लागतो. पल्लवीच्या मोबाईलवर अर्धी गल्ली आहे. दादाचा शब्द पाळायचा तर चाळीस जणांच्या हातापाया पडावं लागलं असतं, आणि तरी एखादा राहिलाच असता. पोरीला बापाची बातमी स्टेटसवर वाचायला लागू नये, एवढंच त्या वेळी सुचलं. मी फोन लावला. ती कामाच्या कपड्यांतच होती. माझं तोंड उघडायच्या आत तिनं विचारलं, "कधी गेले?"

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आपल्या घरात सकाळी ऊन खिडकीतून येतं, आत्या. वरून. पप्पांच्या तोंडावर ते खालून येत होतं, नाकाची सावली कपाळाकडं गेलेली. तो आरसा लहानपणी मीच धरायचे ना?"

दिवाळीपासून तिला कळलेलं होतं. मी विचारलं, मग आली का नाहीस? ती म्हणाली, "पप्पा इतके नटून बसायचे. मी आले असते तर त्यांना कळलं असतं की मला सगळं दिसतंय. पण मी तुझी वाट बघत होते. फोन ठेवल्यावर दर रविवारी सुट्टी संपेपर्यंत मोबाईल घेऊन बसायचे. वाटायचं, आत्या आता बाजूला जाऊन एकटी फोन करील. तू बोलली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी निघाले असते."

दादाचं दुखणं लपवून मी त्याचा शब्द पाळला असं लोक म्हणतात, तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटतं. बापाची इच्छा म्हणून तिनं रविवारी पेपर दिला आणि दादासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला आली. आठ दिवस राहिली, माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. जाताना पुलाचं पोस्टकार्ड घेऊन गेली. तिकडं पोचल्यावर झऱ्यावर गेली म्हणे, आधी बाहेर बसून अंग धुतलं, दादानं सांगितलं होतं तसंच. निकाल अजून लागायचा आहे. आता टीव्हीवर जपान ऐकलं की मी आवाज वाढवते.

आरसा इथंच आहे. रविवारी नऊचा फोन आता मला येतो. ह्या रविवारी मी दादाच्या खुर्चीत बसले, आरसा समोर टेकवला, मांडीवर चादर घेतली. तोंड उतरलेलं होतं, परदेशातल्या पोरीला कशाला दाखवायचं? तिनं दोन सेकंद बघितलं.

"आत्या, तो आरसा बाजूला ठेव. खिडकीकडं तोंड करून बस."

मी बसले. ऊन थेट डोळ्यांवर आलं.

"आता सांग. दम लागतो म्हणून गुरुवारी डॉक्टरकडं गेली होतीस ना? गल्लीतून कळलं मला. काय म्हणाले?"

काही नाही गं, वयाचं आहे, हे वाक्य जिभेवर तयार होतं. मी चादरीची घडी घातली, बाजूला ठेवली आणि डॉक्टर जे म्हणाले ते तिला सगळं सांगितलं.